‘ब्रेडीसुद्धा १९९वाच होता ना, आई!’

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, गेली चौदा वर्षं बॉस्टनजवळ राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. पुस्तक म्हटलं की पळ काढायचा. मराठी गोष्टी वाचून दाखवल्या, इंग्रजी पुस्तकांचे ढीग आणले, काही उपयोग झाला नाही. या हिवाळ्यात त्याने शाळेच्या लायब्ररीतून टॉम ब्रेडी या अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या खेळाडूचं किशोरांसाठी लिहिलेलं चरित्र आणलं आणि चक्क तीनदा वाचलं. मी हरखले, पण त्याचे बाबा म्हणतात, ‘हे काय वाचन झालं? खेळाडूंची कौतुकं ती!’ त्यात आता नवीनच सुरू झालंय. गणितात मार्क कमी पडले की चिरंजीव म्हणतात, ‘ब्रेडीसुद्धा १९९वाच होता ना, आई!’ (संघांनी खेळाडू निवडले तेव्हा म्हणे त्याचा नंबर १९९वा लागला होता.) पुढच्या वर्षी हायस्कूलच्या फुटबॉल टीममध्ये जायचं म्हणून हट्ट धरलाय तो वेगळाच. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पुस्तक बंद करावं का? पुढे काय वाचायला द्यावं? आणि खेळू द्यावं का?
— बॉस्टनजवळची एक आई

उत्तर : पुस्तक अजिबात काढून घेऊ नका. वाचनाचा कंटाळा असलेलं पोर एखादं पुस्तक कुणी न सांगता तीनदा वाचतं, तेव्हा आपण फक्त दिवा चालू ठेवायचा. तुमच्या यजमानांना एवढंच विचारा, शाळेत असताना तेंडुलकरच्या फोटोंची कात्रणं वहीत कोण चिकटवत होतं? (त्यांनी खरंच चिकटवली नसतील तर मी शब्द मागे घेईन, पण त्यांच्या वयाचा अंदाज बांधता तशी शक्यता कमी दिसते.)

माझी तक्रार वेगळी आहे. खेळाडूचं किशोरचरित्र शेवट माहीत असलेल्या माणसाने लिहिलेलं असतं. नायक जिंकणार हे लेखकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं, म्हणून मधला प्रत्येक अपमान पायरीसारखा मांडला जातो. मुलाला वाटतं, अपमान झाला म्हणजे आता यश येणारच. तुमच्या घरातला ‘१९९वा’ तिथूनच आलाय. त्यावर उपाय म्हणजे त्याच्यासोबत बसून तेच पुस्तक चौथ्यांदा वाचायचं, आणि मग त्याला अशी पुस्तकं द्यायची ज्यांत तेच सामने दुसऱ्या बाजूने दिसतील.

त्यासाठी तुम्हाला खेळ थोडा कळायला हवा. तो फार अवघड नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांचा. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडू येतो तो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, चेंडू कुणाकडे फेकायचा, की फेकायचाच नाही. बाकीचे नियम मुलाकडून शिका. ‘टक रूल’ एवढे दोन शब्द त्याच्यासमोर उच्चारा आणि निवांत बसा. अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही. जमलं तर म्हणावं, मराठीत सांग. ‘चेंडू हातातून निसटला की फेकला’ हा वाद मराठीत घालताना त्याची भाषाही आपोआप घासली जाईल.

आता एक प्रसंग दोघांनी मिळून वाचा. त्याच्या पुस्तकात तो असणारच. ३ फेब्रुवारी २००२, न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. ब्रेडीचा संघ न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध सेंट लुइस रॅम्स. सगळ्यांनी रॅम्सना आधीच विजेते ठरवलेलं. गुण १७-१७, घड्याळात १ मिनिट २१ सेकंद, पेट्रियट्सकडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट शिल्लक नाही आणि चेंडू त्यांच्याच १७ यार्डांच्या रेषेवर. ब्रेडी २४ वर्षांचा, नियमित खेळायला लागून त्याला जेमतेम एक मोसम झालेला. टीव्हीवर जॉन मॅडन, जे स्वतः नावाजलेले प्रशिक्षक होते, म्हणत होते की आता धोका पत्करू नका, वेळ संपू द्या आणि जादा वेळेत खेळा. पेट्रियट्सनी ऐकलं नाही. ब्रेडीने काय केलं? जे. आर. रेडमंडकडे एक छोटा पास, मग दुसरा, मग तिसरा. मग ट्रॉय ब्राउनला २३ यार्डांचा. मग पुन्हा सहा यार्डांचा एक किरकोळ पास. सात सेकंद उरले असताना त्याने मुद्दाम चेंडू जमिनीवर आपटला, कारण तसं केलं की घड्याळ थांबतं. मग संघाचा किकर अ‍ॅडम विनाटिएरी आला, त्याने ४८ यार्डांवरून चेंडू लाथेने खांबांमधून मारला आणि सामना २०-१७ ने संपला.

मुलाला विचारा, यात ‘हिरोगिरी’ कुठे आहे? एकच पास जरा लांबचा. बाकी सगळी चिल्लर. आणि शेवटचा घाव तर दुसऱ्याच माणसाचा. हे वाचताना मला त्या पोराचं कौतुक वाटतं ते याचसाठी, की एवढ्या गोंधळात त्याने लांब फेकायचा मोह टाळला.

आता तो १९९ आकडा. एप्रिल २००० च्या निवडीत, म्हणजे एनएफएलचे संघ कॉलेजमधले खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये, ब्रेडी सहाव्या फेरीत १९९ वा निवडला गेला हे खरं. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले हेही खरं. चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते, हे त्याचे चाहते आजही हसत हसत सांगतात. पण त्याआधीचं पान उलटा. हा मुलगा मिशिगन विद्यापीठाकडून खेळत होता, आणि तिथल्या मैदानात एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. दोन मोसम तो तिथला मुख्य क्वार्टरबॅक होता. १ जानेवारी २००० ला ऑरेंज बोल या कॉलेज संघांच्या सामन्यात त्याने अलाबामाविरुद्ध चार टचडाउन पास (समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार चेंडू पोचवणारे) फेकले आणि सामना ३५-३४ असा जादा वेळेत जिंकून दिला. त्याआधी १९९५ मध्ये माँट्रियलच्या बेसबॉल संघाने त्याला यष्टिरक्षकासारख्या जागेसाठी, म्हणजे कॅचर म्हणून, निवडलं होतं. तेव्हा ‘कुणालाच माहीत नसलेला पोरगा’ ही गोष्ट अर्धीच खरी.

उरलेली अर्धी जास्त कामाची आहे. मिशिगनमध्ये सुरुवातीला त्याला खेळायलाच मिळत नव्हतं. विद्यापीठ सोडून जायचे विचार मनात येत होते. तेव्हा तो तिथले समुपदेशक ग्रेग हार्डन यांच्याकडे गेला. सरावात आपल्या वाट्याला मोजकेच चेंडू येतात, अशी त्याची तक्रार. हार्डन यांचं म्हणणं, जे मिळतायत तेवढे नीट खेळ. चिरंजीवांना हा भाग आठवतो का पाहा. मुलं बहुधा यावरून भरकन पुढे जातात, कारण इथे टाळ्या नाहीत.

आणि आता त्याच्यासाठी एक गृहपाठ. त्या वर्षी एकूण २५४ खेळाडू निवडले गेले. १९८ वा कोण होता? २०० वा कोण? त्याला सांगता येणार नाही. फुटबॉलवेड्या मोठ्या माणसांनाही पटकन सांगता येत नाही. शोधू दे, नेटवर सगळी यादी आहे. मग त्या दोघांचं पुढे काय झालं तेही शोधू दे. ब्रेडीच्या आधीच्या सहा क्वार्टरबॅकांचंही बघा. ते काही सगळे वाया गेलेले नव्हते. चॅड पेनिंग्टन १८ वा निवडला गेला आणि अनेक वर्षं उत्तम खेळला. मार्क बल्जर १६८ वा होता, तो पुढे त्याच रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. टी मार्टिनने तर कॉलेजमध्ये टेनेसीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. जिओव्हानी कार्माझीला सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्या फेरीत घेतलं. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे ब्रेडीच्या लहानपणीचा लाडका संघ. कार्माझी एनएफएलच्या मोसमातला एकही सामना खेळला नाही. हीसुद्धा मेहनतीच पोरं होती.

शिवाय नशीब. पहिल्या वर्षी ब्रेडी संघातला चौथ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता. अख्ख्या मोसमात त्याचा एकच पास पूर्ण झाला, सहा यार्डांचा. मुख्य होता ड्रू ब्लेडसो, ज्याच्याशी संघाने मार्च २००१ मध्ये दहा वर्षांचा करार केलेला. २३ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुइसने ब्लेडसोला असा काही धडकवला की छातीत रक्तस्राव झाला, जिवावर बेतलं. म्हणून ब्रेडी मैदानात आला. पुढे जानेवारीत पिट्सबर्गविरुद्ध ब्रेडीच जखमी झाला, तेव्हा हाच ब्लेडसो बाकावरून उठला, टचडाउन पास फेकला आणि संघाला त्या सुपर बोलपर्यंत नेऊन ठेवलं. मोसम संपल्यावर त्याला बफेलोला पाठवण्यात आलं. किशोरचरित्रांत ब्लेडसोच्या वाट्याला एखाद-दुसरा परिच्छेद येतो. मला तो माणूस फार आवडतो.

मार्कांच्या वादावर तुम्ही एवढंच म्हणा: १९९ हा दुसऱ्यांनी बांधलेला अंदाज होता, आणि तो चुकला. गणिताचे मार्क हा तू सोडवलेल्या पेपरचा हिशेब आहे. पुढे भाषण नको.

भाषणाऐवजी त्याला ब्रेडीच्याच गोष्टीतलं गणित द्या. जानेवारी २०१५ मध्ये इंडियानापोलिसविरुद्धच्या सामन्यात पेट्रियट्सच्या चेंडूंत हवा कमी आढळली. नियम म्हणतो दाब दर चौरस इंचाला किमान साडेबारा पौंड हवा. मोठं प्रकरण झालं. चौकशी अहवालाने म्हटलं, कर्मचाऱ्यांनी हवा मुद्दाम काढली असण्याची शक्यता जास्त आहे आणि ब्रेडीला त्याची निदान साधारण कल्पना असावी. त्याने आपला फोन नष्ट करायला लावला होता, हेही बाहेर आलं. त्याने आरोप कायम नाकारला. चार सामन्यांची बंदी झाली, कोर्टाने ती उठवली, वरच्या कोर्टाने पुन्हा लावली आणि २०१६ चे पहिले चार सामने तो बाहेर बसला. आता गंमत अशी की थंडीत चेंडूतला दाब आपोआपही उतरतो. समजा २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत चेंडू साडेबारा पौंडांवर भरला आणि ९ अंशांच्या मैदानावर नेला. दाब किती होईल? बाहेरच्या हवेचा १४.७ पौंड मिळवायचा, तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, त्रैराशिक मांडायचं. २७.२ गुणिले २८२ भागिले २९४. येतात साधारण २६.१. त्यातून १४.७ वजा केले की उरतात ११.४. म्हणजे कुणीही हात न लावता एक पौंडाहून जास्त दाब गेला! मग उरलेला वाद असा की मोजलेले चेंडू याहीपेक्षा खाली होते का, आणि मोजणारी उपकरणं किती बरोबर होती. त्यावर शास्त्रज्ञही भांडले. मुलाला स्वतः आकडे मांडून स्वतःचा निकाल देऊ दे. बाबांनाही बसवा. घरात इतका वेळ गणित चाललंय हे तुम्हीच विसराल. त्याने ब्रेडीला निर्दोष ठरवलं तरी चालेल, दोषी ठरवलं तरी चालेल. कारण मात्र विचारा.

पुढे काय द्यावं? सगळ्यात आधी कर्ट वॉर्नरचं चरित्र. का, तर त्या २००२ च्या सामन्यात समोरचा, म्हणजे हरलेल्या रॅम्सचा क्वार्टरबॅक तो होता. त्या दिवशी त्याने ३६५ यार्डांचे पास फेकले, ब्रेडीने १४५. तरी सामनावीर ब्रेडी, कारण वॉर्नरचा एक पास टाय लॉने मधेच झेलला आणि थेट टचडाउनला नेला. आणि वॉर्नरचा पूर्वेतिहास असा, की त्याला कुठल्याच संघाने ड्राफ्टमध्ये घेतलं नव्हतं. १९९ वाही नाही. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सच्या सराव शिबिरातून त्याला घरी पाठवलं, मग आयोवात सीडर फॉल्सच्या सुपरमार्केटमध्ये तो रात्रपाळीत फळ्यांवर माल लावायचा. मग बंदिस्त हॉलमध्ये खेळतात त्या अरीना फुटबॉलमध्ये गेला. १९९९ मध्ये रॅम्सचा ठरलेला क्वार्टरबॅक जखमी झाल्यामुळे संधी मिळाली आणि त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. म्हणजे तुमच्या चिरंजीवांच्या पुस्तकातला ‘खलनायक’ खरं तर तसल्याच गोष्टीचा नायक निघतो. हे तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःहून सापडलं पाहिजे, आधी सांगून मजा घालवू नका. नुसतं पुस्तक टेबलावर ठेवा.

त्यानंतर डग विल्यम्स. कृष्णवर्णीय मुलांना ‘तुम्ही धावा, डोक्याची जागा तुमची नव्हे’ म्हणून क्वार्टरबॅकच्या जागेवरून हटवायची या खेळात जुनी रीत होती. वॉरन मूनसारख्या क्वार्टरबॅकला त्यामुळे आधी कॅनडात जाऊन खेळावं लागलं. ३१ जानेवारी १९८८ ला विल्यम्स सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. पहिल्या पंधरा मिनिटांत गुडघा दुखावला, परत आला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत त्याच्या वॉशिंग्टन संघाने ३५ गुण केले. सामना ४२-१०. अमेरिकेत वाढणाऱ्या, सावळ्या रंगाच्या मुलाने हे वाचायला हवं. त्यावर घरी बोलणं तुम्हाला कधी ना कधी लागणारच आहे.

अँड्र्यू लकबद्दल जे मिळेल तेही द्या. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला क्वार्टरबॅक, वाचनाचा इतका शौकीन की स्वतःचा बुक क्लब चालवायचा. दुखापतींना कंटाळून ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी त्याने खेळ सोडला. बातमी फुटली तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. इथे मी ब्रेडीच्या वडिलांच्या बाजूने आहे. टॉमला त्यांनी १४ वर्षांचा होईपर्यंत संघात फुटबॉल खेळू दिलं नव्हतं, शरीर तयार झालेलं नाही म्हणून. नववीत तो पहिल्यांदा खेळला, तोही एकही सामना न जिंकलेल्या संघात, राखीव म्हणून. आणि आजच्या काळात मुलगा लहान असता तर खेळू द्यायला आपण कचरलो असतो, असंही त्याच वडिलांनी पुढे सांगितलंय. तुमचा मुलगा ब्रेडीचे दाखले देतो ना, मग हाही घ्या म्हणावं.

भीती डोक्याच्या दुखापतींची आहे, आणि ती पोकळ नाही. तुमच्याच शहरात, बॉस्टन विद्यापीठात, डॉ. अ‍ॅन मॅकी आणि त्यांचे सहकारी डोक्यावर वारंवार बसलेल्या आघातांनी होणाऱ्या मेंदूच्या आजारावर, सीटीईवर, काम करतात. २०१७ मध्ये त्यांनी एनएफएलच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासल्याचं जाहीर केलं. ११० जणांत हा आजार सापडला. ते मेंदू बहुतेक आधीच शंका असलेल्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे दर १११ खेळाडूंत ११० असा अर्थ काढू नका. पण क्वार्टरबॅकला बाकीचे वाचवतात म्हणून तो सुरक्षित, असंही समजू नका. ओकलंड रेडर्सचा केन स्टेबलर क्वार्टरबॅकच होता. २०१५ मध्ये तो गेला आणि नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई निघाला.

म्हणून आत्ता, आठवीत, फ्लॅग फुटबॉल. त्यात अंगावर झेप घ्यायची नसते, कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो. क्वार्टरबॅकचं डोकं मात्र तेवढंच चालवावं लागतं. ‘हे बायल्यांचं’ वगैरे त्याचे मित्र म्हणतील, तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष दोघांचंही फ्लॅग फुटबॉल आहे, हे त्याच्या कानावर घाला. नववीत टॅकलचा, म्हणजे अंगावर झेप घेऊन पाडायच्या नेहमीच्या फुटबॉलचा, विषय निघेलच. शाळांचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो, त्याआधी मुलाच्या डॉक्टरांशी बोला आणि प्रशिक्षकांना नवरा-बायको दोघं जाऊन भेटा. आठवड्यातून किती दिवस पूर्ण धडकीचा सराव असतो, मैदानावर दुखापती बघणारा अ‍ॅथलेटिक ट्रेनर हजर असतो का, आणि डोक्याला लागलेल्या मुलाला बाहेर काढायचा निर्णय कोण घेतं, हे विचारा. उत्तरं टाळाटाळीची आली, तर त्या वर्षी नाही म्हणा. चार दिवस रुसेल.